हरवलेल्या वस्तूंच्या नव्या खोलीचं कुलूप काढण्याबाबत

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक महोदया,
बस आगार, नवी इमारत, पहिला मजला

अर्जदार : टायर विभागाचा सगळ्यात जुना फिटर. 'टायरदादा' म्हणून विचारलं तर गेटवरचं कुत्रंही वाट दाखवेल.

विषय : अर्जदाराने स्वतःच केलेली तक्रार मागे घेऊन नव्या खोलीचं कुलूप काढण्याबाबत, ते सोमवारच्या आत.

संदर्भ : याच अर्जदाराचा मागच्या आठवड्यातला तक्रार अर्ज, ज्यावर आपण नको इतक्या तातडीने कारवाई केलीत.

महोदया,

जरा खुर्ची पुढे ओढा, चहा सांगितला असेल तर तो येऊ द्या, आणि मग वाचायला घ्या. एक गोष्ट सांगायची आहे. अर्जात गोष्टी लिहायच्या नसतात, मुद्द्याचं लिहायचं असतं, हे आवक-जावकच्या कारकुनाने अर्जदाराला ऐकवून झालं आहे. पण मागच्या अर्जात अर्जदाराने नुसता मुद्दाच लिहिला होता. त्याचं फळ असं की आपण दुपारच्या आत नव्या खोलीला कुलूप ठोकलंत, बाहेर एक शिट्टीवाला रखवालदार बसवलात, आणि आज अर्जदाराची बहीण घराच्या उंबऱ्यात खांद्याला पिशवी अडकवून उभी आहे. ना आत येते, ना बाहेर जाते. म्हणून या खेपेला पहिल्यापासून सांगणं आलं.

हा अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. टाइप करून घेतलेला नाही, कारण टायपिस्ट रोज भांडारपालाच्या शेजारी बसून डबा खातो. भांडारपाल कोण, ते पुढे येईलच.

१. अर्जदाराची धाकटी बहीण आपल्याच आगारात हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत कामाला आहे. ड्रायव्हर-कंडक्टर तिला छत्रीताई म्हणतात. प्रवासी येतो, म्हणतो, "माझी काळी छत्री राहिली हो बसमध्ये." आता काळी नाही तर काय पिवळी असणार? ती मान वर न करता विचारते, "दांडा कसला?" तो म्हणतो, लाकडी. ती विचारते, "चिरलेला?" आणि तो डोकं खाजवत असतानाच त्याची छत्री त्याच्या पुढ्यात येते. आजवर एकाची छत्री दुसऱ्याला गेलेली नाही. दवाखान्यात तिच्या स्वभावाला ऑटिझम म्हणतात, कागदावर स्वमग्न लिहितात. स्वतःत मग्न असलेली माणसं अर्जदाराने आगारात पुष्कळ पाहिली आहेत, त्यांच्यात ही बसत नाही. पण कागदावर लिहिलंय तर असो.

तिचं एवढंच आहे की तिला न सांगता काही बदललेलं चालत नाही. एकदा सुटीच्या दिवशी कोणीतरी तिच्या खोलीचं हिरवं दार रंगवून करडं केलं. ती सकाळी आली आणि ड्यूटी संपेपर्यंत दाराबाहेर उभी राहिली, कारण ते तिचं दारच नव्हतं. अर्जदाराने एकदा लहर आली म्हणून मिशी काढली, तर तिने त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. वहिनीला, म्हणजे अर्जदाराच्या बायकोला, हळूच विचारलं, "दादा कधी येणार?" मिशी उगवेपर्यंत अर्जदार स्वतःच्या घरात परका होता. हा हट्ट नव्हे. चालत्या गाडीचं चाक निखळल्यावर गाडीने थांबायचं नाही, असं कुणी म्हणतं का?

२. आमच्या घरात यावर एक रीत आहे. ती आमच्या आईने काढली की तिला कुण्या नर्सबाईने शिकवली, यावर अर्जदार आणि त्याची मावशी यांच्यात अजून भांडण आहे. रीत अशी, की घरात नवीन वस्तू आली की ती आधी पाहुणी असते. नवा कुकर आला की तो चुलीवर चढत नाही, खुर्चीवर बसतो. येता-जाता सगळे त्याची चौकशी करतात. बरं आहे ना, उकडत नाही ना, राहणार ना आता. हसू नका महोदया, अर्जदाराच्या सासऱ्यांनीसुद्धा एका मिक्सरला "या, बसा" म्हटलेलं आहे. मग एक दिवस बहीण स्वतःच म्हणते, "हा आता घरचा." आणि कुकर स्वयंपाकाला लागतो. घाई केली तर घोळ होतो. आधी सांगितलं, दाखवलं, हात लावू दिला, तर ती चंद्रावरसुद्धा राहायला जाईल, फक्त चंद्राला आधी आठवडाभर आमच्या खुर्चीवर बसावं लागेल.

३. तर अशात आपल्या कचेरीची सूचना फळ्यावर लागली, की हरवलेल्या वस्तूंची खोली जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, म्हणजे आता येणाऱ्या सोमवारी, हलवण्यात येईल. सूचनेत 'त्वरित' हा शब्द ठळक लिहिला होता. त्वरित म्हटलं की अर्जदाराला वास येतो. जे काम सरळ असतं त्याला कोणी त्वरित म्हणत नाही. तरी अर्जदार आस्थापना विभागात गेला आणि बहिणीला थोडी सवड मिळावी असं म्हणाला. तिथले बाबू दात कोरत म्हणाले, "अहो, नाही जमलं तर घरी ठेवा की तिला. तिलाही आराम, तुम्हालाही." महोदया, आराम हा शब्द अर्जदाराने नीट ऐकला. ज्या माणसाला काढून टाकायचं असतं, त्याच्या आरामाची काळजी सगळ्यांना असते. आणि तिला घरी बसवणं म्हणजे काय, ते अर्जदाराला ठाऊक आहे. ती छत्र्यांविना राहील, आणि छत्र्यांविना तिला दिवस कळत नाही.

त्याच दिवसापासून अर्जदाराने डोळे उघडे ठेवले. आणि उघड्या डोळ्यांदेखत वस्तू हलायला लागल्या.

४. आधी तिच्या काउंटरवरची घंटी गेली. मग काचेखालचं कॅलेंडर गेलं. मग एका सकाळी छत्र्यांचा स्टँड, जो वर्कशॉपने जुन्या बसच्या कांबी वाकवून बनवलेला आहे आणि जो आगाराचं उद्घाटन झालं तेव्हापासून खिडकीखालून हलला नव्हता, तो दाराशी दिसला. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर. मग व्हरांड्यात. स्टँडला पाय आहेत, पण ते चालायचे नव्हेत, हे आपणही मान्य कराल.

अर्जदाराचा संशय भांडारपालावर गेला, आणि तो उगाच गेला नाही. पहिलं म्हणजे हा माणूस मऊ तळव्याचे बूट घालतो. जवळ येईपर्यंत कळत नाही. दुसरं, तो बहिणीला कधीही आवाज चढवून बोलत नाही. आगारात आवाज न चढवता बोलणारा माणूस अर्जदाराने तरी दुसरा पाहिलेला नाही. तिसरं, तो तिला बिस्किटं देतो, आणि तीही नेहमी त्याच एका पुड्यातली, तुटकी बाजूला काढून. इतका चांगुलपणा सांगतो तरी काय? टायर वरून गुळगुळीत दिसला की अर्जदार आधी खिळा शोधतो, आणि खिळा सापडतोच.

अर्जदार थेट त्याच्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "घंटी कुठाय?"

भांडारपाल म्हणाला, "टायरदादा, मी घंटी कशाला नेऊ? मला कोण वाजवून बोलावतंय?" आणि हसला.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. तुम्ही ताईंना विचारलंत का?"

झालं. चोर नेहमी दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अर्जदाराची खात्री पटली की तिची खोली रोज थोडी थोडी उसवायची, तिला बावरवायची, आणि सोमवारी म्हणायचं, बघा, हिला काही झेपत नाही, बसवा घरी. अर्जदाराने ड्रायव्हरांना विचारलं, धुलाईच्या माणसांना विचारलं, उपाहारगृहाच्या मावशींना विचारलं. मावशी म्हणाल्या, "अरे बाबा, तुझी बहीण दिवसभर तिथेच असते ना?" अर्जदाराने तिकडे लक्ष दिलं नाही, कारण मावशींचा भाचा भांडारातच मदतनीस आहे.

बहिणीला मात्र अर्जदाराने विचारलं नाही. तिला त्रास नको म्हणून. तिला एकटीला सोडून आख्ख्या आगाराला विचारलं.

५. मग अर्जदाराने दोन गोष्टी केल्या. आपल्याकडे तक्रार अर्ज दिला, की अज्ञात इसम सरकारी सामान पळवत असून ते नव्या खोलीत दडवण्याचा संभव आहे, तरी ती खोली बंद करावी. आणि स्टेपनीला बांधतात ती साखळी आणून छत्र्यांचा स्टँड पुन्हा खिडकीखाली ठेवला आणि गजाला बांधून टाकला. कुलूप अर्जदाराचं स्वतःचं आहे, ते आपटून उघडत नाही. त्या दिवशी अर्जदार घरी जाताना शीळ वाजवत गेला, हे बायकोने पाहिलेलं आहे.

दुसऱ्या सकाळी बहिणीने स्टँडला हात घातला आणि तो हलेना. तिने साखळीकडे पाहिलं. साखळी तिथे कधीच नव्हती, तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. ती तिथेच फरशीवर बसली आणि कानांवर हात दाबून घुमायला लागली. समोर कंडक्टर उभा होता, रोजचा ओळखीचा, "छत्रीताई, अहो छत्रीताई" करत होता, तो तिला दिसेना. थोड्या वेळाने उठली आणि तरातरा नव्या इमारतीचा जिना चढली. वर कुलूप. शेजारी नवा रखवालदार, आणि त्याने आपलं कर्तव्य म्हणून शिट्टी फुंकली. ती चालत घरी आली. त्यानंतर ती रोज सकाळी आवरते, पिशवी घेते, उंबऱ्यापर्यंत येते आणि थांबते. एवढंच म्हणते, "दार नाही म्हणालं."

अर्जदार खवळला. भांडारपालाची गचांडी धरायची म्हणून निघालाच होता. तेवढ्यात बायको ओट्यापाशी भांडी पुसत होती, तिने भांडं खाली ठेवलं आणि जे कुणी केलं नव्हतं ते केलं. सरळ विचारलं, "काय गं, घंटी कोणी नेली?"

बहीण म्हणाली, "मी."

"आणि कॅलेंडर?"

"मी."

"स्टँडपण तूच?"

"तो जड आहे. म्हणून रोज थोडा."

"पण कुठे नेतेस बाई?"

तेव्हा तिने सांगितलं ते इथे जसंच्या तसं देत आहे. "नवी खोली मोठी आहे. ती आपल्याकडे खुर्चीवर बसायला कशी येणार? मग आपण तिच्याकडे पाहुणे जायचं. आधी घंटी गेली. ती म्हणाली बरं आहे. मग कॅलेंडर. मग छत्र्या. मग मी."

महोदया, अर्जदार दारातच उभा होता, एक चप्पल पायात आणि एक हातात.

बायकोने विचारलं, "मग दादाला का नाही सांगितलंस?"

तर ती म्हणाली, "दादाला एकदम सांगायचं नाही. दादाला बदल झेपत नाही. चिडतो. त्याला थोडं थोडं दाखवायचं."

बायको तोंडाला पदर लावून आतल्या खोलीत गेली. ती तिथे हसली की रडली, ते अर्जदाराने विचारलं नाही. बदल झेपत नाही हा वरील आरोप अर्जदाराला मान्य नाही. केवळ सगळं सांगायचं ठरवलं म्हणून लिहिला आहे.

६. नंतर चौकशीत असं उघड झालं की भांडारपालाला सगळं ठाऊक होतं. नव्या खोलीचं दार तोच उघडून देत होता, आणि स्टँड अडला की एका बाजूने उचलू लागत होता. विचारलं, "मग माझ्यासमोर तोंड का शिवलंस?" तर म्हणतो, "ताईंनी सांगितलं होतं, दादाला सध्या सांगायचं नाही म्हणून. आणि मी म्हटलं तर होतं, ताईंना विचारा." अर्जदाराने त्याला सोडून दिलं आहे, गचांडीही धरलेली नाही. पण महोदया, एवढं गुपित ज्याच्या पोटात राहतं, त्याच्या पोटात आणखी काय काय असेल, हा प्रश्न उरतोच. त्याच्यावर नजर ठेवायचं काम अर्जदार स्वखर्चाने चालू ठेवील, कचेरीने त्याची काळजी करू नये.

७. तरी वरील हकिगत ध्यानात घेऊन मागणं असं :

(अ) मागचा तक्रार अर्ज रद्द समजावा. 'अज्ञात इसम' सापडलेला असून त्याने काहीही पळवलेलं नाही. साखळी अर्जदाराने काढली आहे. ती काढणार हे बहिणीला आदल्या दिवशी सांगितलं होतं, आणि काढल्यावर घरी आणून तिच्या हातात दिली. तिने ती परत केली आणि म्हणाली, "स्टेपनीची आहे."

(आ) नव्या खोलीचं कुलूप आज-उद्यात काढावं आणि किल्ली बहिणीच्या हातात द्यावी. अर्जदाराच्या नको. दार तिला नाही म्हणालं आहे, तर तिचं तिलाच ते उघडू द्यावं. ती आगारात येईल का, अशी शंका आपल्याला येईल. अर्जदारालाही येते. म्हणून किल्ली घरी पाठवली तरी चालेल. आम्ही ती खुर्चीवर बसवू.

(इ) रखवालदार ठेवायचाच असेल तर रोज तोच ठेवावा, आणि शिट्टी त्याच्याकडून काढून घ्यावी. एक दिवस हा आणि एक दिवस तो असं करून पुन्हा 'व्यवस्था केली होती' असं म्हणू नये.

(ई) हे नीट वाचावं. आपल्याला दया येऊन आपण सोमवारची तारीख पुढे ढकलाल अशी अर्जदाराला भीती वाटते. तसं अजिबात करू नये. तिला सोमवार सांगितलेला आहे. सोमवार म्हणजे सोमवार. व्हरांड्यापर्यंत गेलेला स्टँड अर्जदाराच्या कृपेने पुन्हा खिडकीखाली आला आहे, पण तो कसा आणि किती न्यायचा ते ती बघेल. अर्जदार आणि (नाइलाजाने) भांडारपाल एकेका बाजूने उचलतील, ती सांगेल तेवढाच.

(उ) त्या दिवशी फीत, हार, फोटो, भाषण ठेवू नये. फारच हौस असेल तर ते आस्थापनाच्या बाबूंच्या खोलीत ठेवावं.

८. आता शेवटचं, आणि हे कारकुनाने वाचू नये म्हणून बारीक अक्षरात लिहिलं आहे. बायकोने काल बहिणीला विचारलं, आता तुला कशाची धास्ती आहे, खोलीची का? ती नाही म्हणाली. खोली बरी आहे म्हणे, वारा येतो. मग म्हणाली, "समोरच्या दारात कोण बसतं?"

महोदया, नव्या खोलीसमोरचं दार आपलं आहे. आपण या आगारात नव्या आलात. बहिणीने आपल्याला पाहिलेलं नाही. अर्जदारानेही आपल्याला फळ्यावरच्या सहीपलीकडे पाहिलेलं नाही, त्यामुळे आपल्याबद्दल नीट संशय घ्यायलाही त्याच्याकडे काही साहित्य नाही. त्याने बहिणीला काय सांगावं? चांगल्या आहेत म्हणावं, तर ते त्याला माहीत नाही. वाईट म्हणावं, तर कुलूप आपण लावलंत, पण मागितलं तर अर्जदारानेच होतं. आणि ती उंबऱ्यात पिशवी घेऊन उभी आहे, ती आपल्यासाठी थांबली आहे असं आता अर्जदाराला वाटतं.

म्हणून आपल्याला नम्र विनंती, की सोमवारच्या आधी एकदा आमच्या घरी यावं. अधिकारी म्हणून येऊ नये. फाइल आणू नये, तिला नाव विचारू नये, 'घाबरू नकोस' असं म्हणू नये. ते म्हटलं की माणूस घाबरतो. नुसतं दारात थोडा वेळ उभं राहावं. ती आपल्या पायांकडे बघेल, मग कदाचित छत्री आहे का ते बघेल. तिने "बसा" म्हटलं तर खुर्ची मोकळी करून ठेवलेली आहे, बसावं. आणि नाही म्हटलं, तर मनाला लावून न घेता माघारी जावं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं.

आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,

टायरदादा
(छत्रीताईचा थोरला भाऊ)

गुरुवार, दुपारच्या सुटीत